मेलेलं पाणी, माजलेलं पाणी

“हे पाणी मेलंय. भराव टाकून मोकळे व्हा.” नायगावात एका बावखलाकाठी कुणीतरी सहज बोललं आणि ते वाक्य माझ्या मनातून जाईना. वाड्या शिंपण्यासाठी आपल्या पूर्वजांनी खोदलेलं हे गोड्या पाण्याचं धन. ते पोपटी हिरवं झालं, एवढ्यावरून त्याला मेलेलं ठरवायचं?

मेलेलं पाणी वेगळं, माजलेलं पाणी वेगळं. अशा हिरव्या थेंबात क्लॅमिडोमोनाससारखी एकपेशीय शैवालं असतात. आकार मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा. तेवढ्यात पेल्याच्या आकाराचं हरितलवक, पोहायला दोन कशाभिका आणि उजेडाची दिशा कळावी म्हणून एक नारिंगी नेत्रबिंदू. याच प्रजातीतल्या एका जातीच्या प्रकाशग्राही प्रथिनावर बेतलेल्या उपचाराने २०२१ साली एका अंध माणसाला समोरच्या वस्तू थोड्याफार दिसू लागल्या. असा जीव ज्यात कोट्यवधींनी पोहतो, त्या पाण्याला मेलेलं कसं म्हणायचं?

नायगावात या जीवाचं आणखी एक नवल वाटतं. गोडं पाणी पेशीत सतत शिरत राहतं. ते उपसून टाकायला तिच्यात दोन इवल्या पिशव्या अखंड आकुंचन पावत असतात. मिठागरांसारख्या दाट खाऱ्या पाण्यात मात्र तिच्या भावकीतली ड्युनालिएला राहते. तिच्यापुढे प्रश्न उलटा, पाणी बाहेर ओढलं जाण्याचा. म्हणून ती आत ग्लिसरॉल साठवते. अशा शैवालांचा अभ्यास आपल्याकडेही झालाय: १९४६ साली गोन्साल्विस आणि जोशी या संशोधकांनी वांद्र्याच्या एका तळ्यातल्या शैवालांचा ऋतूंप्रमाणे होणारा पालट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवला होता. तळ्याकडे असंही बघता येतं.

पण भराववाल्याचं एक म्हणणं मला झटकता येत नाही: पूर्वी पाणी इतकं हिरवं नव्हतं. खरं आहे. हा माज फुकटचा नाही. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस त्याला पोसतात. दिवसा ही शैवालं पाण्यात प्राणवायू सोडतात, रात्री मात्र नुसता घेतात. दाटी फार झाली की पहाटेपर्यंत प्राणवायू संपत येतो आणि मासे वर येऊन तडफडतात. म्हणजे माजलेलं पाणी मरणाच्या वाटेवरच असतं. हिरव्या रंगाची बाजू घ्यायला मी निघालो होतो. आता म्हणतो, तो रंग उतरलाच पाहिजे.

तो उतरवायला डंपर लागत नाही. पोषण तोडलं की दाटी आपोआप विरते. नायट्रोजन संपला की क्लॅमिडोमोनासच्या भिन्न गटांतल्या दोन पेशी एक होतात आणि जाड कवचाचा बीजाणू बनतो. सुकलेल्या चिखलातही तो तग धरतो, पाणी आणि उजेड मिळाला की पुन्हा जागा होतो. कोरड्या उन्हाळ्यातून हा जीव परत येतो. भरावाखालून येत नाही.

नायगावकरांनो, बावखलं बुजवू नका. त्यांत सोडलेली गटारं आधी बंद करा.