राखायचं कुणी?

बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं गावरान आंब्याचं जुनं झाड तोडून केसर लावला, तर त्याला दोष द्यायचा का?

त्याचा हिशेब सरळ आहे. मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन आहे, भाव आहे. गावरान झाडाच्या सावलीत पीक येत नाही आणि एका वर्षी लदबदलेलं झाड दुसऱ्या वर्षी रुसतं.

पण कलम म्हणजे नक्कल. हजार कलमं लावली तरी केसर एकच. आपल्याकडे कोयीतून उगवलेलं झाड मात्र दरवेळी वेगळं निघतं. म्हणून तर शेपूच्या वासाचा शेप्या, खोबऱ्या, गोटी अशी नावं पडली. असं झाड गेलं की त्याची दुसरी प्रत नसते.

तिचा उपयोग काय, हे आधी कळत नाही. हापूसला साक्याची खोड. वेंगुर्ल्यात नीलम आणि हापूसच्या संकरातून साका नसलेला 'रत्ना' मिळाला. केसरचं कलमही गावरान कोयीच्या रोपावरच बांधतात.

२००१चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा वाण जपणाऱ्याला बक्षीस देऊ करतो. पण त्या वाणाचे गुण नव्या वाणात वापरले गेले तरच. राखावं मात्र लागतं त्याच्या कितीतरी आधी, काहीच माहीत नसताना. तोवरचा तोटा एकट्या शेतकऱ्यानं का सोसावा?

म्हणून दोष देण्याआधी गावरान आंबा घासाघीस न करता विकत घ्यावा. आणि झाड तोडावंच लागलं, तर आधी चार काड्या काढून बांधावरच्या रोपावर बांधायला सांगावं.