सोवळे कोणते सुटले?

आंधळगावच्या कोष्ट्यास खळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सुती ताण्यास खळ दिली नाही तर धागा मागावर टिकत नाही; म्हणून ती हवीच. परंतु विरळ विणीच्या कापडास वाजवीपेक्षा अधिक खळ चढवून ते घट्ट भासविणाराही बाजारात असतो, आणि पहिल्या धुण्यात त्याचे बिंग बाहेर पडते. आमच्या मंडळ्यांतील धार्मिकतेकडे पाहता हा विचार आमच्या मनात वारंवार येतो.

बाप्तिस्मा घेतला तेव्हा जातीचे सोवळे टाकले, असे आपण म्हणतो. पण मनुष्याचे मन मोठे कारस्थानी! एक सोवळे फिटते न फिटते तोच ते दुसरे नेसून तयार. आमचे घराणे तीन पिढ्या ख्रिस्ती, तो तर काल देवीच्या जत्रेला जात होता. आम्ही घटकाभर प्रार्थना करतो, त्याला दोन वाक्ये धड जुळत नाहीत. लूकच्या शुभवर्तमानातील परूशी मंदिरात खोटे बोलला, असे प्रभूने म्हटलेले नाही. तो उपास करी, दशांशही देई. मात्र देवाशी बोलताना त्याची नजर मागे उभ्या असलेल्या जकातदारावर होती.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. विद्वत्तेत त्यांच्या तोलाचे थोडेच. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले. इतके झाल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांस कळून आले की आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त अजून सापडावयाचा आहे. हे त्यांनी आपल्या साक्षीत स्वतःच लिहून ठेविले. सारे जग ज्या बाईंस ख्रिस्ती म्हणून ओळखत होते, त्यांनी असे सांगावे! मंडळीपुढे असे बोलणे उपदेशकास तर अधिकच जड, कारण त्याचा मानही त्याच्या बोलण्यावर आणि पोटही त्यावरच.

नारायण वामन टिळक यांस नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला. तो लोहमार्ग या भंडारा जिल्ह्यातूनच जातो. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास आल्या, तरी काही काळ त्यांचे पाणी व स्वयंपाक निराळा असे. टिळक तापट होते, हे सर्वश्रुत आहे. तरी बाप्तिस्म्याची बळजबरी त्यांनी केली नाही. १९०० साली बाई आपल्या मनाने आल्या. १९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले व 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही जागा होती.

यावर कोणी म्हणेल, ‘मग बाह्य आचार हे ढोंगच, माझे अंतःकरण शुद्ध आहे, मी रविवारी घरीच बसेन.’ वाचकहो, हा परूशीच उलटा उभा राहिलेला! मंदिरात जाणाऱ्यांसारखा मी नाही, म्हणून तो आभार मानतो. खळीवाचून धागा तुटतो, हे तो विसरला. ‘मी महापापी’ असे मोठ्याने सांगून सभेत पहिला क्रमांक मिळविणारा तरी त्याहून निराळा कोठे आहे?

जकातदार नीतिमान ठरून घरी गेला, एवढेच लूक सांगतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नाक्यावर बसला की नाही, आणि बसला तर जकात किती घेतली, हे त्याने लिहिलेले नाही.