सेवा कुणी मागावी?



आपल्या सभागृहात प्रौढांसाठी संध्याकाळचा वर्ग चालतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. या वर्गाचे गणिताचे शिक्षक नुकतेच सोडून गेले. दोन वर्षांत हे तिसरे. पहिले गेले तेव्हा आम्ही म्हटले, काही अडचण असेल. दुसरे गेले तेव्हा म्हटले, आजच्या तरुणांत सेवाभाव उरला नाही. तिसऱ्या वेळी मात्र आम्हांला स्वतःकडे पाहावे लागले.

हे शिक्षक दिवसभर शाळेत शिकवून रात्री आठला वर्गावर येत. आम्ही त्यांना जे देत होतो त्याला ‘मानधन’ म्हणतात. मोठा सोयीचा शब्द! रक्कम जितकी लहान, तितका त्यातला ‘मान’ आपण मोठ्याने उच्चारतो. एका खाजगी क्लासने त्यांना त्याच वेळेचे कितीतरी अधिक पैसे देऊ केले. घरी लहान मूल, डोक्यावर कर्ज. जाताना त्यांनी आमची क्षमा मागितली आणि तेच आम्हांला अधिक लागले.

वर्गात बहुतेक भगिनी आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्या दहावीला बसतात. कुणी विशीत शाळा सोडलेली, कुणी पन्नाशी ओलांडलेली. ‘मला हे समजले नाही’ एवढे सांगायला त्यांना दोन-दोन महिने लागतात, कारण चुकले तर हसतील ही भीती लहानपणापासून मनात बसलेली असते. ज्या माणसापुढे ती भीती गेली, तोच निघून गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शाळेतल्या मुलाचे शिक्षक बदलले तरी आईवडील त्याला दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवतात. प्रौढाला कोण पाठवणार? या वेळी तिघीजणी परत आल्याच नाहीत.

मग शिक्षकाकडे सेवेची अपेक्षा करणे चूक का? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली, ती पगारासाठी नव्हे. २०२२ ते २०२७ या काळासाठी सरकारने आखलेला ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रमही स्वयंसेवकांच्याच बळावर उभा आहे. सेवेवाचून प्रौढ शिक्षण चालत नाही, हे खरेच.

परंतु संत पौलाकडे पाहा. करिंथ येथे त्याने तंबू बनवण्याचा धंदा करून पोट भरले. त्याच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो आधी सविस्तर सांगतो की, सुवार्ता सांगणाऱ्याचा उपजीविकेवर हक्क आहे. आणि मग म्हणतो की, मी तो हक्क बजावला नाही. हा क्रम महत्त्वाचा. हक्क त्याचा होता, म्हणून तो सोडणेही त्याच्याच हाती होते. करिंथच्या मंडळीने बैठक घेऊन तो सोडायला लावला नव्हता! पोप लिओ तेरावे यांनीही १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात म्हटले आहे की, गरजेपोटी कामगाराने तुटपुंज्या मजुरीला होकार दिला, म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही.

आमच्या वर्गावर एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या दर महिन्याला पाकीट परत करतात. तो त्यांचा त्याग. आम्ही पाकीटच दिले नसते, तर तो कुणाचा त्याग म्हणायचा?

पैसा कुठून आणायचा, असे कुणी विचारील. सणाच्या मंडपाला आणि बँडला वर्गणी कमी पडल्याचे आम्हांला तरी आठवत नाही. (बँड नको असे आमचे म्हणणे नाही, तसे लिहिले तर आमचीच धडगत नाही.) आणि सगळेच काही पैशाचे नसते. गेल्या पावसाळ्यात सभागृह ऐनवेळी बैठकीला दिले गेले. शिक्षकांना कुणी कळवले नव्हते. पायऱ्यांवरच्या दिव्याखाली त्यांनी त्रैराशिक शिकवले आणि कपडे भिजवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी फोनही केला नाही. आम्हीही नाही.

गणिताची जागा अजून रिकामी आहे. कुणी शिक्षक आपल्या ओळखीचे असल्यास रविवारच्या मिस्सानंतर आम्हांला भेटावे. या वेळी रक्कम किती, ते पहिल्याच भेटीत सांगू. आणि ती कमी वाटली तर तसे म्हणायला त्यांनी संकोचू नये.