संशय कोणावर घ्यायचा?

28 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. मग महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ऑनलाइन परीक्षेच्या सॉफ्टवेअरसाठी धावपळ झाली. ही निवड वरवर तांत्रिक वाटते: किती मुलं एकाच वेळी लॉगिन करतील, दर काय. पण कॅमेऱ्याने नजर ठेवणारं सॉफ्टवेअर घेणं हा नैतिक निर्णय असतो. एका खोलीत पाच जण राहत असतील, तर मागून जाणारी आईसुद्धा ‘संशयास्पद हालचाल’ ठरू शकते. स्वतंत्र खोली असलेला मात्र आपोआप प्रामाणिक दिसतो.

परीक्षा हॉलमध्येही पर्यवेक्षक असतोच की! हो, पण तो घरात येत नाही. अमेरिकेत क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने परीक्षेआधी एका विद्यार्थ्याला वेबकॅमवर खोली दाखवायला लावली. 2022 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ती घटनाबाह्य झडती ठरवली.

कॉपी रोखायलाच हवी, नाहीतर अभ्यास करणाऱ्यावर अन्याय होतो. मग पुस्तक समोर असलं तरी विचार करावाच लागेल, असे प्रश्न काढा. त्याला प्राध्यापकांची मेहनत लागते. ती वाचवण्याची किंमत विद्यार्थ्याच्या घराने का मोजायची?