गुह्यरक्षण आणि आचार

गुह्य राखले जाते ते लिपीच्या बिकटपणाने, की लिपी वापरणाऱ्याच्या आचाराने? हा प्रश्न परमार्गीयांस परका नाही. रवळोव्यासांच्या नावाने ओळखली जाणारी सकळ लिपी आणि सुंदरी, अंक, शून्य आदी इतर लिप्या यांनी पंथाचे ग्रंथ कित्येक शतके झाकून ठेविले.

सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर येते. तिचे वैगुण्य उघड आहे. भाषेत जे अक्षर वारंवार येते, त्याचे प्रतिरूपही तितक्याच वेळा येते. आणि सर्व पोथ्यांस किल्ली एकच असल्याने एक पोथी दुसरीची साक्षीदार होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ही किल्ली प्रकाशात आणली. मग एकच किल्ली राखणे हा पूर्वाचार्यांचा प्रमाद म्हणावा काय? तसे म्हणता येत नाही. पोथी पुढच्या पिढीतील शिष्यास वाचता यावी, हाच तेथे हेतू होता. किल्ली नित्य बदलली असती, तर परक्यांबरोबर स्वकीयही ज्ञानास मुकले असते.

युद्धातील संदेशाची गोष्ट वेगळी. 30 ऑगस्ट 1941 रोजी एका जर्मन यंत्रचालकाने सुमारे 4000 अक्षरांचा संदेश लॉरेन्झ यंत्रावरून पाठविला. तो नीट न पोहोचल्याने पुन्हा पाठविण्याची सूचना आली. नियमानुसार किल्ली बदलावयास हवी होती. त्याने तीच ठेविली. संदेश अक्षरशः तोच असता, तर शत्रूस नवे काहीच लाभले नसते. परंतु श्रम वाचविण्यासाठी त्याने काही शब्द आखडले. एका किल्लीखाली दोन भिन्न पाठ आले. त्यांची तुलना करून इंग्लंडात जॉन टिल्टमन यांनी दोन्ही पाठ उलगडले. पुढे बिल टट यांनी यंत्र न पाहताच त्याची रचना ताडली.

येथे यंत्र उणे पडले नाही. उणा पडला तो आचार. चालकाच्या मनात द्रोह नव्हता, केवळ 'एकदा चालेल' एवढाच विचार होता. पण जे त्याने सैल केले ते त्याचे एकट्याचे नव्हते. त्या किल्लीवर अनेकांचे प्राण विसंबले होते. स्वतःचे गमावण्याची मुभा माणसास असेल. दुसऱ्याची ठेव सांभाळताना ती नाही. म्हणून नियमाचा कस सोयीच्या दिवशी लागत नाही. हात थकलेला असतो, पाहणारा कोणी नसतो, तेव्हाच तो लागतो.