ईस्टर, शहर आणि मिशनऱ्याची सोबत

आडगावात काम करणारा मिशनरी ईस्टरच्या सुमारास शहरातल्या सहकाऱ्यांकडे जातो, तेव्हा तो सेवेतून सुट्टी घेतो की सेवेचाच एक भाग पार पाडतो? ज्या लोकांसाठी तो घरदार सोडून आला, त्यांना वर्षातल्या सर्वांत मोठ्या सणाला मागे ठेवून आपल्या माणसांत जाणे अनेकांना खटकते. माझ्या मते ही भेट त्याच्या सेवेला आवश्यक आहे. मात्र तिला एक अट आहे, आणि ती पाळली नाही तर आक्षेप घेणाऱ्यांचेच म्हणणे खरे ठरते.

पुरावा ईस्टरच्या कथेतच आहे. लूकच्या शुभवर्तमानात दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघतात. अंतर सुमारे अकरा किलोमीटर. वाटेत भेटलेला अनोळखी प्रवासी त्यांच्यासोबत जेवायला बसतो, भाकर मोडतो आणि तेव्हा त्यांना ओळख पटते. दिवस मावळलेला असूनही ते तसेच उठून शहरात परततात. तिथे जमलेले अकरा शिष्य त्यांना सांगतात, की शिमोनालाही प्रभूचे दर्शन झाले आहे. दोघांचा अनुभव खरा होता, पण तो एकट्यादुकट्याचा राहिला नाही. दुसऱ्यांच्या साक्षीशी जुळून तो सर्वांचा झाला. योहानाच्या शुभवर्तमानातला थोमा पहिल्या संध्याकाळी सोबत्यांत नव्हता, म्हणून तो आठवडाभर संशयात राहिला आणि त्यांच्यात आल्यावरच त्याचा संशय फिटला. पुनरुत्थानाची बातमी अशी एकमेकांच्या तोंडून पक्की होत गेली. मग ती दूरवर सांगणाऱ्यालाही ती अधूनमधून दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते, यात कमीपणा कसला?

यावर पहिला आक्षेप असा, की ज्याला देव पुरेसा आहे त्याला माणसांची सोबत कशाला हवी? हा आदर्श मोठा आहे, पण तो जगलेल्यांचे आयुष्य वेगळे सांगते. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर पुढे मलुकू बेटांवर गेला. युरोपातल्या सोबत्यांनी पाठवलेल्या पत्रांतून त्यांच्या सह्या कापून तो त्या अंगावर बाळगत असे, हे त्याने स्वतःच १५४६ मध्ये लिहून ठेवले आहे. सहारा वाळवंटात तमनरासेतला राहिलेल्या शार्ल द फुको यांच्याजवळ मिस्सेला हजर राहणारे कोणी नव्हते, आणि एकट्याने मिस्सा करायची तेव्हा परवानगी नव्हती. म्हणून १९०७ चा नाताळ मिस्सेविनाच गेला. पाठोपाठ ते गंभीर आजारी पडले, तेव्हा दुष्काळाने गांजलेल्या तुआरेग लोकांनी शेळीचे दूध मिळवून त्यांना जगवले. त्यांनी बंधुसंघासाठी नियमावली लिहिली, पण हयातीत त्यांना टिकून राहणारा एकही सोबती लाभला नाही. एकांताची एवढी ओढ असलेला माणूसही सोबती शोधत होता, हे विसरता येत नाही. कैसरियाच्या बासिलने एकाकी तपस्व्यांना चौथ्या शतकातच विचारले होते, की एकटाच राहशील तर पाय कोणाचे धुशील?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मिशनऱ्यांची शहरातली सहभागिता पुष्कळदा गोऱ्यांच्या बंगल्यातली मेजवानी झाली, आणि स्थानिक ख्रिस्ती माणूस व्हरांड्यातच राहिला. हे नाकारण्यात अर्थ नाही. अंत्युखियात पेत्राने यहुदी मंडळी आल्यावर परजातीय बंधूंच्या पंक्तीतून अंग काढून घेतले, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर खडसावले. पंक्तिभेद मंडळीत पहिल्या पिढीपासूनच शिरला होता. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या चौकटीत भारतीयाला बरोबरीचे स्थान नव्हते, ही त्यांची व्यथा या पावलामागे होती. पण टिळकांनी उत्तर म्हणून एकांत निवडला नाही. त्यांनी अधिक रुंद दाराची सोबत मागितली. म्हणजे हा आक्षेप सहभागितेच्या गरजेवर नसून तिच्या कुंपणावर आहे.

माझी अट याच ठिकाणी येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू शिष्यांना गालीलात बोलावतो, तर लूकच्या शुभवर्तमानात तो त्यांना शहरात थांबायला सांगतो. मंडळीने या दोन्ही आज्ञा जपून ठेवल्या, कारण तिला दोन्ही लागतात. शहरातली भेट मिशनऱ्याला ताकद देते, पण ती ताकद त्याला परत गावाकडे नेत नसेल, किंवा गावच्या बंधुभगिनींना त्याच पंक्तीत पाट मिळत नसेल, तर तो केवळ जातभाईंचा मेळावा उरतो. मिशनरी ईस्टरला शहरात गेला याचा हिशेब मागण्याचे कारण नाही. तो कोणाला सोबत घेऊन गेला आणि परतल्यावर कोणाच्या ताटाशी बसला, याचा हिशेब मात्र मंडळीने त्याच्याकडे जरूर मागावा.