सोडले की सुटले?

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नियत कर्म मोहाने टाकले तर तो तामस त्याग. कर्म दुःखाचे आहे, देहाला कष्ट होतील, या भयाने टाकले तर तो राजस, आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. कर्म करीत राहून त्यातली आसक्ती आणि फळाची आशा टाकली तर तो सात्त्विक. ज्ञानेश्वरीच्या आधाराने हा विषय मी कीर्तनातून पुष्कळ वेळा मांडला. राजस त्यागाला दृष्टांत द्यायचा तर थंडीला भिऊन काकडा चुकविणाऱ्याचा द्यायचो. आता आमच्या गावची मंडळी हसत हसत माझाच दृष्टांत देतात. "महाराजांनी माशीच्या काट्याला भिऊन पेट्या सोडल्या." बोलणे थट्टेचे आहे, पण प्रश्न थट्टेचा नाही. देहाच्या भयाने एक चांगले काम सोडले, हे खरे आहे. मग तो राजस त्याग झाला की नाही?

काम चांगले होते हे आधी सांगितले पाहिजे, कारण मधमाशी म्हणजे मध, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. आपल्या खानदेशात रावेर-यावलकडे केळी. केळीचे फळ धरायला परागीभवन लागत नाही, म्हणून केळीवाल्याला माशीची किंमत सहसा कळत नाही. कांद्याचे बी धरणाऱ्याला मात्र ती बरोबर कळते. कांद्याच्या गोंड्यातल्या प्रत्येक बारीक फुलात पराग आधी तयार होतो आणि त्याच फुलाचा स्त्रीभाग मागाहून पक्व होतो. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कोणीतरी नेऊन ठेवावा लागतो. माघ-फाल्गुनात साक्रीकडे डोंगळे फुलले की पेट्या बांधाला नेऊन ठेवायच्या. माशी मकरंद घेते आणि शेतकऱ्याच्या गोंड्यात बी भरते. सूर्यफुलाचे, काकडी-कारल्याच्या वेलांचेही तसेच. कीर्तनाचा पैसा घ्यायचा नाही ही आमच्या गुरूंची शिकवण, त्यामुळे अमळनेरच्या बाजूला बोरीकाठची थोडी शेती आणि इटालियन माशीच्या नऊ पेट्या, यावरच आमचा प्रपंच चालला.

पंचवीस वर्षांत डंख किती खाल्ले याची मोजदाद नाही. माशीच्या काट्याला करवतीसारखे उलटे दाते असतात. तो आपल्या कातडीत अडकला की विषाच्या पिशवीसकट तिच्या अंगातून तुटतो आणि ती मरते. नखाने तो लगेच खरवडून काढायचा, गार पाणी लावायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मग एका वर्षी एकाच डंखाने सगळ्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. पुढच्या खेपेस घसा आवळला, श्वास लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बांधावरच आडवा झालो. भाचा सोबत होता म्हणून दवाखाना गाठता आला. मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिल्यावर श्वास मोकळा झाला. तरी रात्रभर ठेवून घेतले, कारण असा झटका ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उलटू शकतो.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते मला फार मार्मिक वाटले. ज्याला वर्षभर सतत डंख बसतात, त्याच्या शरीराला बहुधा विषाची सवय होते. अधूनमधून बसतात, त्याचे शरीर कधी कधी उलटेच शिकते. थोड्याशा विषाला मोठा शत्रू समजून सगळ्या अंगात रण माजवते. मी महिना महिना कीर्तनाला बाहेर, मध्येच येऊन पेट्या उघडणारा. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या त्या इंजेक्शनाच्या कामाला आडव्या येतात, आणि तसलीच गोळी मला चालू. विषाचेच अगदी सूक्ष्म डोस देत शरीराला पुन्हा शहाणे करण्याचा उपचार आहे, पण तो तीन ते पाच वर्षे चालतो. माझ्या वयाला आणि गावाला तो जमणारा नव्हता. पुढचा डंख शेवटचा ठरू शकेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. घरी आलो तर वहिनी दारातच म्हणाल्या, "आप्पा, आते बस करा."

आमच्या दिंडीतल्या एका गृहस्थांचे म्हणणे वेगळे पडले. "महाराज, नामावर विश्वास आहे ना? मग पांडुरंग बघून घेईल." असे बोलणारे भाविकच असतात, म्हणून त्यांना तोडून बोलवत नाही, पण हा विचार मला साफ अमान्य आहे. पांडुरंगाला पहाऱ्यावर उभे करून आपण मोहोळात हात घालायचा, ही भक्ती नव्हे, हा देवाला हुकूम आहे. नाम हे विषावरचा उतारा म्हणून संतांनी दिलेले नाही. नरदेह हे भजनाचे साधन आहे असे आपण रोज म्हणतो. मग उसन्या आणलेल्या मृदंगाला जितके जपतो तितके तरी या देहाला जपले पाहिजे. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघून जवळपास महिनाभर चालते. वाटेत विसावा बहुधा मोठ्या झाडाखाली, आणि मोठ्या झाडावर आग्या मोहोळ असायचेच. त्याच्याखाली चूल पेटवू नये, धूर करू नये. कोणाला माशी चावली आणि अंगावर गांधी उठून श्वास कोंडू लागला, तर अंगारा लावीत बसू नये. त्याला आडवे निजवून पाय वर करावेत, दमच लागत असेल तर टेकून बसू द्यावे, उठवून चालवू मात्र नये. आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. नाम घ्यायला गाडीतही कोणी आडवत नाही.

आता मूळ प्रश्न. राजस त्यागाची व्याख्या नियत कर्माला लागते, असे शास्त्राने उत्तर देता येते. वारी, एकादशी, दारी आलेल्याला भाकरी, हे आमचे नियत. माशी पाळणे चांगले असले तरी नियत नव्हते. पण एवढ्यावर सुटका करून घेणे मला वकिली वाटते. आपल्या जिल्ह्यांत पेट्या गाडीत घालून फुलोऱ्यामागे गावोगाव फिरणारे आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला हाच विकार जडला तर? त्याची मुले त्या पेट्यांवर जगतात. त्याच्यासाठी ते काम नियत कर्माहून कमी नाही, आणि त्याने ते सोडले तर त्याला राजस म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. त्याला त्यागाचे प्रकार सांगण्याऐवजी दुसरा धंदा उभा करून देणाऱ्यानेच काही केले, असे मी म्हणेन.

भगवंतांचा शब्द कायक्लेशाच्या भयाचा आहे. क्लेशामुळे पेट्या सुटायच्या असत्या तर पहिल्याच वर्षी सुटल्या असत्या. क्लेश सोसून काम पुढे जाते. मरणाने काम पुढे जात नाही, उलट घरच्यांवर आणि भाच्यावर त्याचे ओझे पडते. म्हणून हा राजस त्याग नव्हे, असे मी ठरविले आहे.

सात्त्विकही नव्हे, हे त्याहून ठासून सांगतो. कारण एका सत्कारात बोलणाऱ्याने "महाराजांनी मधाचाही त्याग केला" असे सांगितले आणि टाळ्या पडल्या. त्याग म्हणायला धरून ठेवण्याची मोकळीक आधी असावी लागते. मला ती नव्हती. मी सोडले नाही, माझे सुटले. ही दोन क्रियापदे अगदी शेजारची, पण एकात कर्ता मी आहे आणि दुसऱ्यात नाही. म्हातारपणी बहुतेक गोष्टी अशाच सुटतात, दात काय, गळा काय. गुडघ्यांनी उभे राहू दिले नाही म्हणून कीर्तनही सुटले. त्यांना त्याग म्हणवून मिरवू लागलो तर ती कमाई खोटी.

तेव्हा विचार करायचा तो सुटलेल्या गोष्टीचे काय करावे याचा, आणि त्याला आपल्या संप्रदायात उत्तर आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. देणाऱ्याला कोणी त्यागी म्हणत नाही, पळपुटाही म्हणत नाही. पहाऱ्यावर कोणाला घेरी आली तर शेजारचा पुढे होऊन वीणा धरतो. आपला पहारा आहे म्हणून घेरी येत असता वीणा आवळून उभा राहणारा ती पाडून बसेल. आणि दिल्यानंतर तिच्या तारेवर बोट ठेवीत कोणी मागेमागे चालत नाही.

नऊही पेट्या मी भाच्याला दिल्या. रात्री माश्या आत आल्यावर दारे लावून त्याने त्या नेल्या. मी लांब ओट्यावर होतो. पहिल्या हंगामात लांबच्या निंबाखाली बसून, माझ्या मापाने, ओरडून ओरडून सांगितले. पुढे तेही थांबविले. नाथमहाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका केली, त्यात अवधूताचे चोवीस गुरू येतात. भ्रमर फुलाला न दुखविता थोडे थोडे घेतो, त्यावरून माधुकरी आली; आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथले विद्यार्थी त्याच माधुकरीवर राहून शिकले. माशी मात्र साठविते आणि साठा दुसराच नेतो, म्हणून तिच्याकडून संग्रह न करणे शिकायचे. पंचवीस वर्षे पेटीत पाहिल्यावर मला यात एक भर घालावीशी वाटते. हंगामातली कामकरी माशी सहा आठवड्यांच्या आसपास जगते. फाल्गुनात तिने भरलेला मध पावसाळ्यात, फुले नसताना, तिच्या मरणानंतर जन्मलेल्या माश्या खातात. तेव्हा तिचा साठा तिच्यासाठी असतोच कुठे? माणसाचे तसे नाही. मध संपतो, पण "हे मी उभे केले" ही पोळी भरलेलीच राहते, आणि ती काढायला कोणी येत नाही.

श्रावणात साखरेचे पाणी केव्हा द्यायचे ते विचारायला भाच्याचा फोन आला होता, तो सांगितला. त्यानंतर डोंगळ्यांच्या वेळी त्याने पेट्या साक्रीकडे हलविल्या, ते मला दोन दिवसांनी बाहेरून कळले. हरिपाठाला बसलो तरी त्या संध्याकाळी मन पेट्यांपाशीच होते. यंदा त्याने नवाच्या बारा केल्या आहेत. कशा केल्या ते मी विचारले नाही.